जहांगीरला जोडीनं: नवशिक्यांसाठी सूचना

जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही, हे बायकोला घरी सांगू नये. सांगितलंत की "म्हणूनच नेताय" हे डोंबिवलीपासून सीएसएमटीपर्यंत ऐकावं लागतं. दारात पोचल्यावर तिचं तिला कळू द्यावं.

रविवार असेल तर आधी मेगाब्लॉक बघा. भल्या पहाटे निघू नका, गॅलरी अकराला उघडते. स्टेशनपासून चालत जायचं. टॅक्सीचा विषय निघालाच तर इतिहास काढावा. गॅलरीजवळच्या काळ्या घोड्यावर पूर्वी सातवा एडवर्ड बसलेला होता, १९६५ साली त्याला घोड्यासकट हलवलं आणि तो राणीच्या बागेत गेला. आत्ता दिसतो तो घोडा २०१७ सालचा, त्याच्यावर कोणीच नाही. ही माहिती मी दिली तेव्हा ही म्हणाली, "बरंय घोड्याचं."

फुटपाथवर चित्रकार बसलेले असतात, समोर बसवून माणसाचं चित्र काढून देतात. बायकोचं काढून घ्यावं. "नाक अगदी हुबेहूब आलंय" असं मात्र म्हणू नये.

इमारत १९५२ सालची. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, गेलेल्या मुलाच्या नावानं उभी राहिलेली. एवढं दारात सांगून टाका. आत गेल्यावर बोलायचं नसतं, उभं राहायचं असतं. हात पाठीमागे, मान किंचित डावीकडे. आधी लांबून बघा, मग जवळून, मग पुन्हा लांबून. तिसऱ्या वेळी मागे सरकताना मागच्याच्या पायावर पाय पडतो, तेव्हा "सॉरी" हळू म्हणावं. वाराणसीचे घाट, कोकणातलं घर, बैलजोडी यांच्यापुढे काळजी नाही. फक्त "फोटोच वाटतोय" हे चित्रकाराच्या देखत बोलू नका. काही कळलं नाही तर "टेक्श्चर" हा एक शब्द जवळ ठेवावा. आणि हॉल रिकामा दिसला म्हणून लगेच बाहेर पळू नये. १९९०च्या दशकात चित्रकार हुसेननी याच गॅलरीत पांढरी कापडं टांगली होती आणि जमिनीवर फाडलेली वर्तमानपत्रं पसरली होती. ते प्रदर्शनच होतं.

चित्राशेजारी लाल टिकली म्हणजे ते विकलं गेलंय. किमतींची यादी टेबलावर असते. ती जरूर उचला, पण शून्यं मोजताना ओठ हलवू नका.

आता खरा धोका. एका मोठ्या करड्या कॅनव्हाससमोर मी "टेक्श्चर" म्हणायला तोंड उघडणार, तोच ही म्हणाली, "अय्या, आपल्या बाथरूममागची भिंत!" चित्रकार आमच्या मागेच उभा, हातात अर्धा उघडलेला डबा. माझे कान तापले. तो म्हणाला, "ओल कुठून येते, वरून की खालून?" "वरून. वरच्यांचं लिकेज." "माझी खालून आलेली आहे," तो म्हणाला. तो सांगलीचा. २०१९च्या पुरात घरात पाणी शिरलं, ओसरलं, आणि भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर रेघ राहिली. मग त्यानं कॅनव्हासवर बोट न लावता ती रेघ दाखवली. करड्या रंगात एक जरा पिवळट पट्टी. मी तीनदा बघूनही ती मला दिसली नव्हती. हिनं रंगाचं काही विचारलं नाही. कपाट कुठल्या भिंतीला होतं, दाण्या-तांदळाचं काय झालं, आईला कुठे हलवलंत, हे विचारलं. शेवटी "आधी जेवून घ्या बघू" म्हणून त्याला टेबलाशी बसवलं. कॅटलॉगमध्ये पाहिलं, चित्राचं नाव "अनटायटल्ड". तात्पर्य, नवशिक्यानं "टेक्श्चर" म्हणण्यापूर्वी बायकोला बोलू द्यावं.

जेवण गॅलरीतल्या सामोवार कॅफेत घेऊ असं वचन देऊन बसू नका. ते २०१५ साली बंद झालं. "आमच्या वेळी पुदिन्याचा चहा" वगैरे आठवणी काढायला हरकत नाही, त्याला अजून पैसे पडत नाहीत. आम्ही पोळीभाजी गेटवेजवळच्या कठड्यावर खाल्ली आणि फुकटच्या दिवसाचा सगळा हिशेब पुढे आइस्क्रीमवर घसरला. तो इथे देत नाही.

निघण्याआधी अभिप्रायाची वही. "छान", "सुंदर", "शुभेच्छा" यांनी ती आधीच भरलेली असते, तुम्ही निदान कुठलं चित्र ते लिहा. या हॉलसाठी चित्रकार काही वर्षं थांबलेला असतो आणि प्रदर्शन आठवड्याभरात उतरतं. हिनं चार ओळी लिहिल्या, मला वाचू दिल्या नाहीत. गॅलरी सातला बंद होते. सहालाच वही मागून घ्या, आणि पेन आपलं न्या.