पहिल्या तासाचे मुन्सफ

न्यायदानाची हौस मनुष्यमात्राला उपजतच असते, आणि सरकारने ज्यांना सनद दिली नाही त्यांनी ती कोणी क्रिकेटच्या पंचावर, कोणी सुनेच्या आमटीवर, तर कोणी परगावच्या बैलजोडीवर निकाल देऊन भागवावी असा आपल्याकडचा जुनाच शिरस्ता आहे; परंतु खटल्याचा पुकारा नुकता होत असताना, वादी अद्याप घसा साफ करीत आणि प्रतिवादी दाराशी चपला काढीत असताना, फैसला लिहून, त्यावर सही ठोकून, शाई वाळवून मोकळे होणारे जे एक गृहस्थ आमच्या तळेगाव ढमढेऱ्यास आहेत, त्यांची सर यांपैकी एकालाही यायची नाही. गाव त्यांना मुन्सफ म्हणते. वय तिशीच्या उंबरठ्यावर, घरी चार एकर ऊस, आणि चासकमानच्या कालव्याला आवर्तन सुटले म्हणजेच तेवढी शेताची आठवण होत असल्यामुळे बाकीचा सर्व काळ निकालपत्रांस मोकळा. त्यांचा अधिकार नाटक-सिनेमांपासून ग्रामपंचायतीच्या नव्या नळापर्यंत सर्वत्र चालत असला तरी त्यांचे खास न्यायासन म्हणजे व्हिडिओ गेम, आणि त्यातही पहिला तास. दुसऱ्या तासाचे मुन्सफ आजवर कोणी पाहिलेले नाहीत.

या न्यायासनाची बैठक आमच्याच माडीवर भरते. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेला आमचा भाचा आमच्याकडे राहतो, आणि पहिल्या बोनसचा विनियोग त्याने आईबापांच्या यात्रेऐवजी प्लेस्टेशन नावाच्या यंत्रावर केलेला असल्यामुळे त्या दिवसापासून माडीचा जिना सार्वजनिक मालमत्तेत जमा झाला आहे. मुन्सफ येतात, गादीवर भिंतीला पाठ टेकून बसतात, चहाची चौकशी करतात, आणि रिमोटला हात लावीत नाहीत. कारण न्यायाधीशाने स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उतरू नये, हे तत्त्व ते कसोशीने पाळतात. खेळतो तो भाचा, पाहतात ते मुन्सफ, आणि निकाल मात्र खेळण्यावर लागतो.

त्यांची स्वतःची म्हणून एक राज्यघटना आहे. ती २००२ साली निघालेली असून तिचे नाव जी.टी.ए. व्हाइस सिटी असे आहे. शाळकरी वयात शिक्रापूरच्या एका संगणककेंद्रात तासावारी पैसे भरून त्यांनी तिचे अध्ययन केले, आणि मोटारसायकल हाणावी, समुद्रकाठी हिंडावे, कंटाळा आल्यास पँझर ही अक्षरे टंकून रस्त्यात रणगाडा उतरवावा, अशी जी मूलभूत स्वातंत्र्ये त्या घटनेने त्यांना बहाल केली, त्यांच्या मापाने ते पुढील सर्व खेळ मोजीत आले. त्या खेळाची मूळ कथा काय, तिचा शेवट कसा होतो, याची विचारणा आम्ही एकदा केली असता, ‘त्यात गोष्ट पण होती का?’ असा प्रतिप्रश्न त्यांनी इतक्या निर्मळपणे केला की आम्ही ती मिसल तिथेच दप्तरी दाखल केली.

आता अशा पुरुषासमोर ‘द ऑर्डर : १८८६’ हा खेळ यावा, ही दैवगतीच म्हटली पाहिजे. आला तोही सरळ नाही. पुणे-नगर रस्त्याने शिक्रापूरच्या चौकातून आत वळले म्हणजे वेळ नदीकाठी लागते ते पेशवाईतल्या ढमढेरे सरदारांचे तळेगाव, आणि पुण्याच्या दुसऱ्या अंगाला, मावळात आहे ते दाभाड्यांचे. हा भेद इतिहासाला ठाऊक आहे, टपालखात्याला ठाऊक आहे, तथापि मालाची ने-आण करणाऱ्या एका खाजगी पेढीला तो ठाऊक नसल्यामुळे खेळाच्या तबकडीने आधी दाभाड्यांना मुजरा केला, आणि मग चाकणच्या रस्त्याने, ट्रकांच्या रांगांतून, ती आमच्या दारी रुजू झाली. या विलंबाचा ठपका मुन्सफांनी खेळाच्याच नावे लिहून ठेवला.

हा खेळ २० फेब्रुवारी २०१५ रोजी बाजारात आला. रेडी ॲट डॉन नावाच्या, त्यापूर्वी खिशातल्या यंत्रासाठी ‘गॉड ऑफ वॉर’चे दोन भाग करून नाव कमावलेल्या अमेरिकन मंडळींनी तो रचला, आणि रचताना मनाशी एकच निश्चय केला की खेळणाऱ्याला आपण सिनेमात आहोत असे वाटले पाहिजे. म्हणून कथा एकाच वाटेने चालते, आडवाट धरू म्हटले तर भिंत आडवी येते. मधूनमधून रिमोट निर्जीव होतो आणि पात्रे आपसांत बोलू लागतात. काही प्रकरणे तर नुसती पाहावयाचीच आहेत. इतकेच नव्हे, तर सिनेमाचा भास पुरा व्हावा म्हणून चित्राची रुंदी उंचीच्या २.४ पट ठेवून वर-खाली काळ्या पट्ट्या कायमच्या सोडल्या आहेत.

त्या पट्ट्यांनीच पहिला घोटाळा केला. खेळ सुरू होताच मुन्सफांनी टीव्हीत बिघाड असल्याचा पंचनामा केला, टीव्हीचा रिमोट मागवून घेतला, आणि चित्र ताणता येईल तितके ताणले, तेव्हा लंडनचे सर्व सरदार हातभर उंच झाले. भाच्याने ते पूर्ववत केले. मुन्सफांनी पुन्हा ताणले. ‘दादा, ते तसंच आहे, मुद्दाम ठेवलंय,’ असे भाचा काकुळतीने सांगू लागला, त्यावर, ‘एवढे पैसे घेऊन टीव्ही पण पुरता वापरून देईनात?’ हा पहिला शेरा न्यायालयाच्या दप्तरी नोंदला गेला, आणि तोवर खेळातला नायक आमच्यापुढे पाण्यात बुडत होता.

कारण खेळ उघडतो तोच नायकाचे डोके पाण्यात कोंबलेले असते. पहारेकरी त्याचे हाल करीत असतात. तो कोण, त्याचा गुन्हा काय, हे काही कळण्यापूर्वी पडद्यावर बटणाची खूण उमटते, ती वेळेवर दाबली तर तो सुटतो आणि चुकली तर पुन्हा पाण्यात. ‘आपण ह्याच्याकडून खेळायचं का बुडवणाऱ्याकडून?’ असे मुन्सफांनी विचारले. प्रश्न अगदीच अप्रस्तुत नव्हता. पुढे गॅलाहाड नावाचा हा वीर जुन्या लंडनच्या गल्ल्यांतून चालू लागतो. चालतो म्हणजे अक्षरशः चालतो. पळू म्हटले तरी पळत नाही. वाटेत एखादे छायाचित्र उचलतो, आणि खेळणाऱ्याने ते उलटसुलट फिरवून पाहावे अशी अपेक्षा धरून उभा राहतो.

‘मागं काय लिहिलंय?’ मुन्सफांनी विचारले.

‘काही नाही, नुसतं बघायचं.’

‘मग उचलायला कशाला लावलं?’

या उलटतपासणीत भाचा निरुत्तर झाला. खरे म्हणजे त्याने कोटाच्या कापडाची वीण दाखवली, ओल्या फरसबंदीवर पडलेला दिव्याचा उजेड दाखवला, पितळी बकलांवरची झीज दाखवली. आणि एवढे मान्य केले पाहिजे की २०१५ साली घरातल्या यंत्रावर इतके देखणे चित्र क्वचितच दिसे. मुन्सफ त्या सर्वांवरून नजर फिरवीत शेवटी गॅलाहाडच्या मिशीवर स्थिरावले. मिशी खरोखरच भरघोस, पिळदार, गालमिशांशी भाऊबंदकी मिटवून एक झालेली अशी होती. ‘मिशी मात्र एक नंबर,’ असे ते म्हणाले, आणि त्या खेळाच्या बाजूने नोंदला गेलेला हाच काय तो एकमेव मुद्दा. वार गुरुवार असल्यामुळे तेवढ्यात दुरुस्तीच्या नावाखाली वीज गेली. कोणत्याही अन्य न्यायालयात अशा प्रसंगी काम तहकूब झाले असते. मुन्सफांनी अंधारातच निकाल दिला: ‘बेकार आहे. गेम नाही, पिक्चर आहे. तो पण हळू.’ आणि चहा संपवून ते जिना उतरून गेले.

ही तातडी केवळ आमच्या गावची मिरास आहे असे कोणी समजू नये. हा खेळ विक्रीस येण्यापूर्वीच कोणी तरी तो अथपासून इतिपर्यंत खेळून त्याचे चित्रण यूट्यूबवर चढवले, आणि सारा कारभार पाच-सहा तासांत आटोपतो असे दिसताच ज्यांनी तबकडीला हातही लावला नव्हता अशा लोकांनी देशोदेशी न्यायासने मांडली. रुपयामागे मिनिटे किती, हा हिशेब तेव्हा जगभर चालला होता. आमच्या मुन्सफांनी तोच कांदेकाढणीच्या रोजंदारीने करून, हा खेळ मजुराच्या एका दिवसालाही पुरत नाही, असा जास्तीचा शेरा मागाहून जोडला. टीकाकारांतही दोन तट पडले. त्यांच्या तक्रारींत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. जो खेळ ऐन रंगात आलेल्या माणसाच्या हातून पुन्हापुन्हा सूत्रे काढून घेतो, आणि अखेरीस पुढच्या भागाची आशा दाखवून निम्म्यावर गुंडाळतो, त्याने आपल्यावर लोभ असावा असे कोणत्या तोंडाने म्हणावे? तो पुढचा भाग कधी निघालाच नाही, आणि २०२४ साली ती कंपनीही बंद झाली.

तरीही आमची तक्रार मुन्सफांविरुद्धच आहे, आणि ती अशी. आमच्या मुलखाने, म्हणजे नारायणगावच्या फडांवर वाढलेल्या या शिरूर-जुन्नरच्या पट्ट्याने, तमाशा कसा पाहावा हे कोणाकडून शिकलेले नाही. गण होतो, गौळण होते, बतावणी होते, आणि मग रात्र चढल्यावर वग उभा राहतो. ज्याला कथा हवी त्याने वगापर्यंत बसावे, आणि गणालाच उठून जाणाऱ्याने फड कसा होता हे सकाळी पारावर सांगू नये, इतका विवेक येथल्या शेंबड्या पोरालाही आहे. ज्या खेळाला मोकळे रान आहे त्याची पारख पहिल्या तासात होऊ शकेल, कारण दहाव्या तासालाही रान तेच असते. परंतु एकाच वाटेने नेणाऱ्या खेळाजवळ देण्यासारखे जे काही असते ते वाटेच्या टोकाला असते, आणि तिथवर न जाता वाटेला नावे ठेवणे हा वगाआधी उठण्याचाच प्रकार होय.

आणि या खेळाच्या वगात कोण उभे आहे म्हणता? भाच्याने शनिवारी रात्री एकट्याने बसून खेळ पुढे नेला आणि मध्यरात्री आम्हाला हाक मारली, ‘मामा, वर या, झाशीची राणी आली!’ आम्हाला वाटले पोराला झोप अनावर झाली. पण खरोखरच, लंडनच्या त्या धुक्यात, बंडखोरांची पुढारी म्हणून, लक्ष्मीबाई उभी होती. बिठूरला दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला राहिलेल्या मोरोपंत तांब्यांची ही मणिकर्णिका १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरपाशी लढता लढता पडली असे आपण शाळेत शिकलो. या खेळात ती १८८६ साली हयात आहे, देवी नावाची सोबतीण घेऊन इंग्रजांच्या राजधानीत शिरली आहे, आणि युनायटेड इंडिया कंपनी नावाच्या व्यापारी मंडळीच्या पेट्यांतून देशोदेशी काय पाठवले जाणार आहे हे तिने ओळखले आहे. तो मिशाळ गॅलाहाड, ज्याने बंडखोर म्हणून तिच्या माणसांवर गोळ्या झाडल्या, त्याला सत्य उमगते ते तिच्यामुळे. कॅलिफोर्नियातल्या कोणा लेखकाला कंपनी सरकारचा सूड घेण्यासाठी तांब्यांच्या लेकीखेरीज दुसरे कोणी सुचू नये, याचा आम्हाला मध्यरात्री, अंगावर घोंगडी असताना, काय आनंद झाला तो सांगता येत नाही.

कालविपर्यास म्हणून कोणी नाक मुरडील, पण ते आमच्या तालुक्याला शोभणार नाही. घोडनदीला, म्हणजे आमच्या शिरूरला, इंग्रजांची छावणी होती तेव्हा कर्नल वॉलेस नावाचा अधिकारी १८०९ साली वारला, आणि त्याच्या थडग्याला लोक सत्पुरुष मानून नव्या धान्याचा नैवेद्य दाखवीत असत, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. ज्या लोकांनी एका गोऱ्या कर्नलाला मरणोत्तर संतपद दिले, त्यांनी राणीला अठ्ठावीस वर्षांचे जास्तीचे आयुष्य देण्यास का कू करावी?

रविवारी सकाळी भाचा हे नवे पुरावे घेऊन मुन्सफांच्या ओट्यावर हजर झाला आणि त्याने फेरतपासणीची दरखास्त रीतसर मांडली. मुन्सफ दात घाशीत होते. त्यांनी सर्व कैफियत शांतपणे ऐकून घेतली, चूळ भरली, आणि एकच प्रश्न विचारला.

‘घोडा आहे का?’

‘घोडा?’

‘राणीला. पाठीशी पोर आणि खाली घोडा.’

‘मी तरी नाही पाहिला दादा. लंडन आहे ते.’

‘मग?’ मुन्सफ म्हणाले, आणि टॉवेलाला तोंड पुसून आत गेले.

यानंतर बरेच खेळ त्यांच्यापुढे आले आणि गेले. पुण्याच्याच मंडळींनी रचलेला, हरवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली निघाला, तेव्हा तरी ते सबुरी दाखवतील असे आम्हाला वाटले होते. पण त्यात सर्व काही उंचावरून दिसते हे ध्यानात येताच, ‘आपण काय माळ्यावर बसलोय का?’ असे म्हणून त्यांनी तोही निकालात काढला. आपल्या निकालांची बजावणी व्हावी म्हणून त्यांना बेलिफ लागत नाही. ते काम गाव करते.

गेल्या पंधरवड्यात दाढी करण्यासाठी आम्ही पेठेतल्या केशकर्तनालयात बसलो होतो. आमच्या घरी प्लेस्टेशन आहे हे कारागिराला ठाऊक असल्यामुळे त्याने साबण फासता फासता विषय काढला. ‘तुमच्या भाच्याकडे ती झाशीच्या राणीची गेम आहे ना? घोडाच नाही म्हणे तिच्यात. बेकार आहे म्हणे एकदम.’ त्याने आयुष्यात तो खेळ पाहिलेला नव्हता. मात्र मिशी एक नंबर आहे, अशी पुस्तीही त्याने जोडली, आणि ती कोणाची याविषयी त्याचा ग्रह राणीकडे झुकत असावा अशी आम्हाला दाट शंका आली. वस्तरा गळ्याशी आलेला असल्यामुळे आम्ही अपील केले नाही.