ढगांची कागदपत्रं

ढग फुकट मिळतात, म्हणून त्यांना भाव नाही. चार महिने डोक्यावर असले तरी आपल्याला त्यांच्याकडून एवढंच हवं असतं: छत्री घ्यायची की नाही? पण जगात अशीही मंडळी आहेत, जी आभाळाकडे बघून 'हा कोण?' म्हणतात आणि छडा लागेपर्यंत मान खाली घालत नाहीत.

या मंडळींचा मूळपुरुष ल्यूक हॉवर्ड, लंडनचा औषधवाला. १८०२ च्या डिसेंबरात त्याने एका छोट्या मंडळापुढे निबंध वाचला आणि ढगांना क्युम्युलस, स्ट्रेटस, सिरस अशी लॅटिन नावं देऊन टाकली. दिवसभर बाटल्यांवर लेबलं लावायची सवय. हात आभाळापर्यंत गेला, इतकंच. १८९६ साली ढगांचा आंतरराष्ट्रीय अॅटलास निघाला आणि तेव्हापासून ढगांचंही दप्तर सुरू झालं.

दप्तर आलं की दिरंगाई आली. २००६ साली अमेरिकेत आयोवामधल्या सीडर रॅपिड्स शहरावर भलतंच आभाळ दाटलं. समुद्राच्या तळाशी पाठीवर पडून वरच्या लाटा बघाव्यात, तसं. फोटो पोचला ब्रिटनच्या क्लाउड अप्रिसिएशन सोसायटीकडे. (अशी संस्था खरंच आहे. गॅव्हिन प्रेटर-पिनी या गृहस्थांनी २००५ साली ती काढली. ढगांचं कौतुक करणं हेच तिचं काम. वर्गणी भरून!) हा ढग कुठल्याच कप्प्यात बसेना, तेव्हा संस्थेने 'अॅस्परेटस' नाव सुचवून पाठपुरावा धरला. जिनिव्हाच्या जागतिक हवामान संघटनेची मोहोर उठली २०१७ च्या मार्चमध्ये, आणि तीही 'अॅस्पेरिटास' या नावावर. रेशनकार्डावर आडनाव बदलून यावं, तसं. अर्जदार ढग तोवर अर्थातच विरून गेला होता.

त्याच यादीत 'व्होल्युटस'ला, म्हणजे लोळणाऱ्या ढगालाही जागा मिळाली. हे वाचून ऑस्ट्रेलियातलं बर्कटाउन गालातल्या गालात हसलं असणार. क्वीन्सलँडमधल्या या टिकलीएवढ्या गावावरून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटे एक लांबलचक ढग लोळत जातो. कधी कधी तर तो हजार किलोमीटर लांब असतो. त्याला 'मॉर्निंग ग्लोरी' म्हणतात. केप यॉर्क द्वीपकल्पाच्या दोन्ही किनाऱ्यांवरून येणारे समुद्रवारे एकमेकांना भिडतात, हवेत लाट उठते आणि ती रात्रभर कार्पेंटारियाच्या आखातावरून पुढे सरकते. लाटेच्या पुढच्या अंगाला हवा वर चढून ढग होतो, मागच्या अंगाला खाली येऊन विरतो. म्हणजे ढग सतत नवा होत पुढे जातो. आपल्याला मात्र वाटतं, तोच लोळतोय. ग्लायडरवाले दुरून तिथे येऊन तळ ठोकतात आणि त्या वर चढणाऱ्या हवेवर स्वार होतात. ढग उद्या येणार की नाही, हे कळायचं कसं? गावातले लोक सांगतात: पबमधल्या फ्रिजच्या काचेवर दव धरलं आणि टेबलांचे कोपरे वर वळले, की हवेत पुरेसा ओलावा आहे. मला विचाराल तर माझं मत अॅटलासपेक्षा या फ्रिजला.

जपानी लोकही फुजीने ढगाची टोपी घातली की पाऊस येणार म्हणतात. भिंगासारखे गुळगुळीत तसलेच ढग इतरत्र दिसले, की लोक उडत्या तबकड्या आल्या म्हणून ठोकून देतात.

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मध्यंतरी ढगाला पडलेल्या गोल भोकाचा फोटो आला. खाली लिहिलेलं: 'देवाचा डोळा, दहा जणांना पाठवा.' मी उत्साहाने लिहिलं, याला 'केव्हम' म्हणतात. शून्याखाली जाऊनही न गोठलेल्या थेंबांच्या ढगातून विमान गेलं, की त्या जागी हवा आणखी थंड होऊन बर्फाचे कण धरतात. आजूबाजूचे थेंब विरतात, कण वाढत वाढत खाली पडतात आणि उरतं ते भोक.

मावशीचं उत्तर लगेच आलं. 'बरं. विमानात कोण होतं?'