हे पण इंजिनियरच

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत 48 फ्लॅट आहेत आणि त्यांतले निदान 20 इंजिनियरांचे. पुण्याला त्याचं काही वाटत नाही. पण सीओईपी काका एकच. त्यांचं खरं नाव खाली लेटरबॉक्सवर लिहिलेलं आहे. ते वाचायची वेळ फक्त कुरियरवाल्यावर येते. ईमेलच्या पत्त्यात सीओईपी, म्हणजे पुण्याचं कॉलेज ऑफ इंजिनियरिंग, त्याच्यापुढे पास झाल्याचं साल, 86. वायफायचा पासवर्डही तोच, आणि हे साऱ्या मजल्याला ठाऊक असल्यामुळे सारा मजला त्यांचंच वायफाय वापरतो. गाडीच्या मागच्या काचेवर कॉलेजचं स्टिकर. आजवर गाड्या तीन झाल्या. तिन्ही वेळा काकू म्हणाल्या, आधी सारसबागेच्या गणपतीला जाऊ. तिन्ही वेळा आधी स्टिकर लागलं.

नवा माणूस भेटला की काका हवापाण्यात वेळ घालवत नाहीत. मान किंचित तिरकी करतात, डोळे बारीक करतात आणि विचारतात, "कुठलं कॉलेज?" पूर्वी भटजी संकल्प सांगताना मध्येच थांबून 'गोत्र?' म्हणायचे, अगदी तो सूर. उत्तर आल्यावर समोरच्याला कुठे बसवायचं ते ठरतं. व्हीजेटीआय म्हटलंत तर, "हं, माटुंगा. चांगलं आहे," म्हणजे शत्रू, पण तोलामोलाचा. वालचंद म्हटलंत तर, "सांगली! मुलं कष्टाळू असतात हो." कराड किंवा औरंगाबादचं गव्हर्नमेंट असेल तर खांद्यावर हात. याखेरीज दुसरं कुठलंही नाव घेतलंत तर काका "अच्छा, प्रायव्हेट" म्हणतात आणि हातातल्या पेपरकडे वळतात. त्या 'प्रायव्हेट'मध्ये एक सहानुभूती असते. कुणाला तरी साखर निघाल्याचं कळल्यावर आपण 'अच्छा, डायबिटीस' म्हणतो तशी.

मी त्या प्रायव्हेटांतला. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि महाराष्ट्रात जिथे जिथे साखर कारखाना होता तिथे तिथे इंजिनियर तयार करायची सोय झाली. दुसऱ्याच वर्षी मी अशा एका कॉलेजात दाखल झालो. आमचा ड्रॉइंग हॉल म्हणजे मूळचं पोत्यांचं गोदाम होतं. हंगाम सुरू झाला की मळीचा वास थेट ड्रॉइंग शीटमध्ये मुरायचा. आजही ऊस दिसला की मला आयसोमेट्रिक व्ह्यू आठवतो. शिकवायला सर पुण्याहून एसटीनं यायचे आणि एसटी चुकली की यायचे नाहीत. कॉलेज तेवढं एक वर्ष आधी निघालं होतं. वर्कशॉप माझ्या तिसऱ्या वर्षी आलं.

पण कॉलेज होतं पुणे विद्यापीठाचं. आणि त्या काळी सीओईपीही पुणे विद्यापीठाचंच. म्हणजे काका जो एम-थ्रीचा पेपर बघून घामाघूम होत, त्याच घराण्यातला पेपर दोन वर्षांनी मी बघून होत असे. सिलॅबस एक, पेपर एक, तपासणारे एक. प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल म्हणून कधी कधी त्यांचेच मास्तर आमच्या गोदामात येत आणि गुळाची ढेप घेऊन परत जात. पदवीच्या कागदावर शिक्का एकाच विद्यापीठाचा. एकदा काकांच्या घरी चहा घेताना मी हे सगळं रीतसर मांडलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अहो, पाणी सगळं खडकवासल्याचंच असतं. पण पेठेतल्या नळाचं वेगळं आणि टँकरचं वेगळं."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. काकांनीही मोठेपणा दाखवला. कुणाशी माझी ओळख करून देताना ते न चुकता सांगतात, "हे पण इंजिनियरच आहेत." हा 'पण' मी गेली 15 वर्षं ऐकतो आहे. दोन अक्षरांत एवढी मोठी दरी खणणारा दुसरा शब्द मला मराठीत माहीत नाही.

काकांच्या कॉलेजप्रेमात खोट मात्र काढता येणार नाही. 1854 साली सुरू झालेलं कॉलेज आहे. आमच्या गोदामाच्या पत्र्यापेक्षा त्याचा गंज जुना. मार्चमध्ये रेगाटा असला की काका दुपारपासून अस्वस्थ. संध्याकाळी सोसायटीतली पोरं गाडीत कोंबून नदीवर नेतात आणि होड्या कशा एका रांगेत वळतात, वल्ही कशी एकदम पडतात, ते स्वतः होडीत असल्यासारखे सांगतात. "बोट क्लबवर आम्ही..." अशी त्यांची निम्मी वाक्यं सुरू होतात. काकूंनी एकदाच, भजी तळता तळता, सांगून टाकलं, "बोट क्लबवर म्हणजे कँटीनला. यांना पोहता येत नाही. पानशेतला गेलो तर पाय सुद्धा बुडवत नाहीत."

दुसरी गोष्टही काकूंकडूनच कळली. काकांची शाखा मेटलर्जी. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. अवघं पिंपरी-चिंचवड ज्या फाउंड्र्यांवर उभं राहिलं त्यांना धातू कळणारी माणसं लागतच होती. पण बारावीच्या पीसीएमच्या मार्कांवर प्रवेश होत त्या दिवसांत काकांसमोर दोन दारं होती. बाहेरगावी मेकॅनिकल, नाहीतर सीओईपीला मेटलर्जी. काकांना वाटलं, मेकॅनिकल घ्यावं. काकांचे वडील म्हणाले, "लोक कॉलेज विचारतात, शाखा कोण विचारतं?" वडिलांचा अंदाज बरोबर ठरला. 40 वर्षांत कुणी शाखा विचारू नये म्हणून काका स्वतःच आधी कॉलेज विचारतात.

कॅम्पसमधून चिंचवडच्या एका कंपनीत ते 'जीईटी' म्हणून लागले, म्हणजे ग्रॅज्युएट ट्रेनी. इथे मात्र कॉलेजच्या नावाचं चीज झालं हे मान्य करायलाच हवं. कंपनीची माणसं गाडी करून त्यांच्या कॉलेजच्या दारात आली. आमच्याकडे फक्त उसाच्या बैलगाड्या यायच्या. मी फर्स्ट क्लासचं मार्कशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भोसरी एमआयडीसीत सायकलवर हिंडत होतो, आणि बायोडेटा घ्यायचा की नाही ते गेटवरचा वॉचमन ठरवत होता. एका ऑफिसात तर मी डोळ्यांनी दोन गठ्ठे पाहिले: एक टेबलावर, एक टेबलाखाली. माझा कुठे गेला ते सांगत नाही. पहिली नोकरी कॉलेजच्या नावावर मिळते, यात शंका नाही. दुसरीच्या वेळी पहिल्या कंपनीचं नाव विचारतात, आणि मग हळूहळू कॉलेज बायोडेटाच्या खाली खाली घसरत शेवटी 'छंद: वाचन' याच्या शेजारी जाऊन बसतं. माझं तसं बसलं. काकांचं जागचं हललं नाही.

काकांबरोबर त्याच दिवशी एक मुलगा 'डीईटी' म्हणून लागला होता. डिप्लोमा ट्रेनी. पगार कमी, ग्रेड खालची, कामाची जागा शॉप फ्लोअर. तो पाळी संपवून रात्री एएमआयईचे, म्हणजे डिग्रीच्या बरोबरीचे, पेपर सोडवायचा. काका दोन वर्षं हीट ट्रीटमेंटला होते, मग परचेसला गेले आणि उरलेला जन्म पॅकिंगची पुठ्ठ्याची खोकी खरेदी करण्यात गेला. तीन पदरी, पाच पदरी, छापील, बिनछापील. धातूशी त्यांचा शेवटचा संबंध स्टेपलच्या पिनेपुरता. डीईटी मुलगा मशीन शॉप, मग प्लॅनिंग, मग प्लँट हेड असं करत वर गेला आणि काकांच्या अप्रेझलवर सलग 11 वर्षं सही करत राहिला. काका त्याचं नाव आदरानं घेतात. "माणूस देव होता. माझ्या अँजिओप्लास्टीला स्वतः हॉस्पिटलात येऊन बसला होता." मग थोडं थांबून, कुणाचं व्यसन सांगावं तशा हलक्या आवाजात, "डिप्लोमा होता."

त्या अँजिओप्लास्टीची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. छातीत कळ आल्यावर काकांना मीच गाडीतून नेलं. स्ट्रेचरवर झोपवलं, तोंडावर ऑक्सिजन लावला, तरुण डॉक्टर धावत आले. काकांनी मास्क बाजूला केला. आम्हाला वाटलं, मुलीसाठी निरोप. काका म्हणाले, "एमबीबीएस कुठून?"

"बी. जे.," डॉक्टर म्हणाले.

"आणि पुढचं? एमडी की डीएनबी?"

नर्सनं मास्क परत दाबून बसवला, म्हणून डॉक्टरांचं पुढचं उत्तर काकांना ऐकू गेलं नाही. पण 'बी. जे.' ऐकल्यावर मॉनिटरवरचे आकडे जरा बरे झाले होते, असं काकू शपथेवर सांगतात.

15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, काका क्लब हाउसमध्ये विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतात आणि 'आमच्या कॉलेजचे' एवढंच 20 मिनिटं बोलतात. एका वर्षी मला अवदसा आठवली. मी म्हटलं, "काका, विश्वेश्वरय्यांकडे बी. ई. नव्हतं. 1883 साली ते एल. सी. ई. झाले. लायसेन्शिएट. आणि तेव्हा कॉलेजचं नाव होतं कॉलेज ऑफ सायन्स."

"त्या काळी तेच बी. ई. होतं!" काका म्हणाले.

"मग लक्ष्मणराव किर्लोस्कर? ते तर जे. जे. स्कूल ऑफ आर्टला चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येईनात म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. अन् नांगर केले."

काकांनी क्षणभर विचार केला. "त्यांचं वेगळं. ते व्हीजेटीआयला शिकवत होते."

माणूस हरत नाही, तो असा. फक्त एकदा हरलेला पाहिला. बी विंगमध्ये एक गृहस्थ राहायला आले. बागेत काकांनी नेहमीप्रमाणे मान तिरकी केली. "कुठलं कॉलेज?" गृहस्थ बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "पवई." पवई! आयआयटी म्हणायचेसुद्धा कष्ट नाहीत. काकांची मान तिरकीच राहिली. मग ते कधी नव्हे ते हवेवर बोलले. यंदा थंडी उशिरा आली वगैरे. परतताना जिन्यात मला म्हणाले, "आमच्या वेळी जेईई असते हे कुणी सांगितलंच नाही हो. सांगितलं असतं तर..." वाक्य दुसऱ्या मजल्यावर राहिलं. त्या दिवशी मला काका फार आवडले. सतराव्या वर्षी मिळालेल्या मार्कांच्या पेन्शनवर माणूस जगत होता, आणि कुणी तरी येऊन जास्त पेन्शन दाखवून गेलं होतं. चार दिवसांनी कळलं की पवईचे गृहस्थही झोपेत बडबडतात: त्यांचा रँक कॉम्प्युटरला पुरला नव्हता.

काकांची मुलगी सीओईपीचीच, आणि कॉम्प्युटरची. ती हे कधी बोलत नाही. काकांनी विचारलं, तुझ्या टीममध्ये कुठकुठल्या कॉलेजची मुलं आहेत? ती म्हणाली, "माहीत नाही, बाबा. विषयच निघत नाही. इंटरव्ह्यूत लॅपटॉप पुढे सरकवतात आणि कोड लिहायला सांगतात." काका दोन दिवस जेवले नाहीत असं नाही, पण दुसऱ्यांदा आमटी मागितली नाही. मी तिला एकटीला गाठून विचारलं तेव्हा ती हसून म्हणाली, "काका, त्या इंटरव्ह्यूपर्यंत मी पोचले ते कंपनी आमच्या कॅम्पसला आली म्हणून. पण हे बाबांना सांगू नका. ते फ्रेम करतील."

गेल्या दिवाळीच्या सुमारास काका माझ्याकडे आले. संध्याकाळची वेळ, हातात पेपर नाही, स्टिकरची गाडी खालीच. पाणी प्यायले. पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "पोरीनं एक मुलगा बघितलाय. म्हणजे तिचा तिनंच. मेकॅनिकल आहे. श्टुटगार्टला गाड्यांचे गिअरबॉक्स डिझाइन करतो. घर चांगलं आहे, स्वभाव चांगला आहे, चहात साखर घेत नाही."

"मग छान झालं की."

"हो, छानच." पुन्हा पंखा. "कॉलेज म्हणजे... तुमचंच निघालं."

मी काही बोललो नाही. मळीचा वास आला असावा, असं मला उगाच वाटून गेलं.

"नाही, मी काय म्हणत होतो," काका खुर्चीच्या कडेला सरकले, "तुम्ही मागे एकदा सांगत होतात ना? सिलॅबस एक, पेपर एक, विद्यापीठ एक. एक्स्टर्नलही आमच्याचकडचे यायचे म्हणालात. मग तसं बघितलं तर तेच झालं की हो."

"पाणी सगळं खडकवासल्याचंच," मी म्हटलं.

"अगदी!" काका म्हणाले, आणि टँकरचं आपण विसरलो असल्याचं त्यांनी फार सुंदर दाखवलं.

पत्रिका गेल्या आठवड्यात आली. मुलीच्या नावापुढे कंसात बी. टेक., सीओईपी. मुलाच्या नावापुढे बी. ई., पुणे विद्यापीठ. गाव, कारखाना, काही नाही. खाली निमंत्रकांत काकांचं नाव, त्यापुढे बी. ई., सीओईपी, 1986. शाखेला पत्रिकेत जागा उरली नव्हती. साखरपुड्याला काकांनी मला हाताला धरून मुलाकडच्यांकडे नेलं. मी सवयीनं मनाची तयारी केली.

"हे आमचे शेजारी," काका म्हणाले. "इंजिनियर आहेत."