चौकशीकर

आडनाव काहीही असू द्या, माणूस चौकशीकरच. घोडबंदर रोडवरच्या प्रत्येक टॉवरमध्ये हा एक तरी असतो. बायको बँकेत, स्वतः आयटीत, सात वर्षांची एक मुलगी. घरात कुत्रा नाही, पण कुत्र्याची संपूर्ण चौकशी होऊन गेलेली. मागे यांनी फ्रिज घ्यायचं ठरवलं, तेव्हा तीन महिने त्यांचं दूध, दही आणि भिजवलेले छोले शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये राहायला होते. शेजारी म्हणजे आम्ही.

तर शाळेच्या गॅदरिंगमध्ये कुणीतरी कीबोर्ड वाजवला आणि चौकशीकरांची मुलगी घरी येऊन म्हणाली, "बाबा, मला पण पियानो शिकायचाय." दुसरा एखादा बाप शनिवारी तिला जवळच्या क्लासात सोडून भाजी आणायला गेला असता. चौकशीकरांनी लॅपटॉप उघडला आणि एक्सेलची नवी शीट काढली.

ती शीट मी पाहिली आहे. शिक्षकांचं वय, शिक्षण, कुठली ग्रेड झाली, घरी पियानो आहे की कीबोर्ड, पियानो असल्यास शेवटचं ट्यूनिंग कधी, पार्किंग आहे का, असे रकाने उजवीकडे सरकत सरकत पडद्याबाहेर गेले होते. 'मुलीला शिक्षक आवडले का' असा रकाना वहिनींनी सुचवला. "ते सब्जेक्टिव्ह आहे," म्हणून तो बाद झाला.

मग ज्ञानप्राप्ती. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच असलो की वीस मजल्यांत मला इटली ते ठाणे असा प्रवास घडतो. 1700च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने पियानो बनवला. पट्ट्या 88, त्यातल्या पांढऱ्या 52 आणि काळ्या 36. आत दोनशेच्या वर तारा, आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण कित्येक टन. "टन, काका!" असं ते अशा अभिमानाने म्हणाले, जणू तारा त्यांनीच ताणल्या होत्या. मोझार्टने मुलांची बुद्धी वाढते हेही त्यांनी ऐकवलं. मुळात 1993 सालचा तो प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता. त्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला, आणि आकृत्यांची कोडी सोडवण्यात जो फायदा दिसला तो पंधरा मिनिटांच्या आतच ओसरला. मी हे सांगेपर्यंत लिफ्ट तळमजल्याला लागली होती. "म्हणजे फायदा होतो," असं म्हणून ते उतरले.

पुढचे काही शनिवार-रविवार डेमोंचे. डेमो फुकट असतो, आणि फुकट असेल ते चौकशीकर पूर्ण वसूल करतात. क्लबहाउसमधल्या क्लासात आठ मुलं, आठ कीबोर्ड, आठ हेडफोन. कोण काय वाजवतंय ते सरांनाही ऐकू येत नव्हतं. मॉलमधल्या अकादमीत एसी उत्तम, पण शिक्षक दर दोन महिन्यांनी बदलतो असं एका आईने कानात सांगितलं. ऑनलाइनवाल्या सरांना मुलीचा फक्त चेहरा दिसायचा, हात दिसायचे नाहीत. वांद्र्याच्या एक मिस मूळच्या गोव्याच्या. "गोव्याच्या ना? मग रक्तातच असणार," म्हणत चौकशीकरांनी त्यांना शीटमध्ये दोन गुण जास्त दिले. रक्ताचा काही संबंध नाही हो. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून पोरांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवायचे. त्यातूनच मुंबईच्या बँडांना आणि सिनेमांच्या स्टुडिओंना इतके वादक मिळाले. मिसचे बाकीचे रकाने भरून झाल्यावर ठाणे ते वांद्रे शनिवारी संध्याकाळी गाडीने किती वेळ लागतो ते पाहिलं गेलं, आणि मिस शीटच्या तळाशी गेल्या.

प्रत्येक ठिकाणी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आठवी ग्रेड किती वर्षांत?" मुलीला तोवर डावा हात कुठला हे विचारल्यावर क्षणभर विचार करावा लागत होता. या ग्रेड देणाऱ्या संस्थांपैकी ट्रिनिटीच्या परीक्षा 1877 पासूनच्या, एबीआरएसएम 1889 सालचं. पैकी एबीआरएसएममध्ये सहावी ग्रेड द्यायची तर आधी पाचव्या ग्रेडची थिअरी किंवा तिच्या तोडीचं काही व्हावं लागतं, ट्रिनिटीत तशी अट नाही. ट्रिनिटीत शंभरात 60ला पास, एबीआरएसएममध्ये दीडशेत 100ला. हे सगळं त्यांना तोंडपाठ. या परीक्षा वाईट मुळीच नाहीत. मात्र ग्रेडची परीक्षा म्हणजे मुख्यतः तीन रचना, थोड्या स्केल आणि एक-दोन चाचण्या. उतावळ्या आई-बापांची मुलं वर्षभर त्याच तीन रचना घोटतात, आणि पाहुण्यांसमोर चौथं काही वाजव म्हटलं की पाणी प्यायला आत जातात.

घरात चौकशीकरांच्या सासूबाईही आहेत. त्या गांधर्वच्या मध्यमा पूर्ण, पेटी स्वतःची. "आमच्या वेळी आधी गळा ऐकायचे आणि मग फी सांगायचे," एवढंच बोलून त्या पुन्हा गवार मोडायला लागतात. चौकशीकरांनी तेवढ्यात मध्यमा पूर्ण म्हणजे कितवी ग्रेड, याचं एक कोष्टक करून टाकलं.

एका डेमोला मीही गेलो होतो, गाडी माझी होती म्हणून. मासुंदा तलावापलीकडे जुनं घर, सत्तरीचे सर. भिंतीला टेकवलेला उभा पियानो. पावसाळ्याचे दिवस होते, म्हणून पियानोच्या पोटात एक छोटा बल्ब पेटवून ठेवलेला; दमट हवेने लाकूड फुगतं आणि पट्ट्या दाबल्या की वरच येत नाहीत. चौकशीकरांनी बल्बच्या वॅटेजची नोंद घेतली.

सरांनी मुलीला जवळ बोलावून सगळ्यात आधी तिची बोटं पाहिली. निळं नेलपॉलिश, नखं वाढलेली. "ही पट्टीवर टकटक वाजतात, बाळ. आपल्याला आवाज आतून हवाय," असं म्हणत त्यांनी खणातून नेलकटर काढून तिच्याच हातात दिला. नखं कापून झाली. मग स्टुलावर दोन जाड पुस्तकं ठेवून कोपर पट्ट्यांच्या पातळीत आणली. पाय लोंबकळत होते, त्यांच्याखाली पाट सरकवला. एवढं करून सरांनी पियानोचं झाकण चक्क बंद केलं आणि लाकडावर बोटांनी एक ठेका धरला. "आता तू." तिने वाजवला. त्यांनी बदलला, तिने बदलला. तिसऱ्या वेळी त्यांनी मुद्दाम चूक केली, तर ती हसून म्हणाली, "आजोबा, चुकलं!"

"डेमो कधी सुरू होणार?" चौकशीकरांनी मला हळूच विचारलं.

झाकण उघडल्यावर सरांनी एकच काम सांगितलं: शेजारी शेजारी दोनच काळ्या दिसतील तिथे डावीकडची पांढरी पट्टी दाबायची. सगळ्या सी. मुलगी स्टुलावरून उतरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावली आणि एकूण एक शोधून काढल्या. शेवटच्या पट्टीला काळ्यांची जोडी नव्हती, तिच्यापाशी जरा थबकली, मग तीही दाबून बघितली आणि "ही पण तीच!" म्हणून ओरडली.

"सर, सिलॅबस कुठला? पहिली ग्रेड कधी?" चौकशीकरांची वही तयार होती.

"आधी बसू तर दे तिला. तिला काय आवडतं ते ऐकू. परीक्षेचं दीड-दोन वर्षांनी बघू."

घरी पोचेपर्यंत शीटमध्ये सरांच्या नावापुढे शेरा पडला होता: महत्त्वाकांक्षा कमी.

त्याच संध्याकाळी मुलीने आजीची पेटी उघडली आणि तिथेही काळ्यांच्या जोड्या सापडल्या. "ही पांढरी एक," आजी म्हणाल्या. "नाही गं आजी, ही सी!" दोघींचं बराच वेळ भांडण चाललं आणि भात करपला. चौकशीकर आतल्या खोलीत होते. डिजिटल पियानोच्या वजनदार पट्ट्या बऱ्या की खरा पियानो, आणि खरा असल्यास तो लिफ्टमध्ये मावेल का, यावर त्यांचं एका दुकानदाराशी फोनवर बोलणं चाललं होतं. दुकानदाराने मोजमाप सांगितल्यावर ते टेप घेऊन लिफ्टकडे गेले. अर्धा तास लिफ्ट बंद होती.

फी अजून कुठेच भरलेली नाही. सरांकडे शनिवारी चारची एकच वेळ रिकामी आहे. तुमच्या माहितीत याहून चांगले कुणी शिक्षक असतील, तर हात जोडून विनंती, चौकशीकरांना कळवू नका. त्यांच्या शीटमध्ये अजून खूप जागा आहे.