लिंकवाले नाना

उपग्रहांच्या चित्रांवर पोट भरणाऱ्या प्रत्येक ऑफिसात एक नाना असतात. आमचे नाना पन्नाशी ओलांडलेले आहेत. दुसऱ्या ऑफिसात तेच नाना कानात हेडफोन घातलेली पंचविशीची मुलगी असू शकतात. ओळखायची खूण एकच. पेन ड्राइव्ह पुढे करून म्हणायचं, "नाना, पुण्याची इमेज द्या ना." आपण सोवळ्यातल्या माणसाला शिवायला निघालोय अशा नजरेनं नाना त्या पेन ड्राइव्हकडे बघतात.

"कुठली?"

"पुण्याची."

"अरे बाबा, लँडसॅट १९७२ पासून वर फिरतोय. त्यातली कुठली? की सेंटिनेल हवाय? की आपला रिसोर्ससॅट? तारीख? ढग किती टक्के चालतील?"

आपण वाटीभर साखर मागायला गेलेलो असतो आणि समोरून स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी सुरू होते. "जुलै चालेल," मी एकदा म्हणालो. नाना हसले. "जुलैत पुण्याची स्वच्छ इमेज? चातुर्मासात लग्नाचा मुहूर्त काढायला निघालास! ढगाआडचं बघायचं असेल तर रडार घे, सेंटिनेल-१."

एवढं होऊनही फाइल मिळत नाही. मिळते ती चिठ्ठी: कॅटलॉगचं नाव, सीनचा (म्हणजे त्या एका इमेजचा) नंबर आणि लिंक. "फाइल नको, पत्ता घे," हे नानांचं ब्रीद. ऑफिसात काहीजण त्यांना कंजूष म्हणतात.

नानांच्या लेखी गावांना नावं नसतात. पुणं म्हणजे लँडसॅटचा पाथ १४७, रो ४७. मुंबई शेजारच्या पाथवर, १४८. सेंटिनेल-२ च्या हिशेबात पुणं ४३ क्यूसीए टाइलमध्ये आणि मुंबई ४३ क्यूबीबीमध्ये. भाचीचं लग्न दादरला होतं, तेव्हा रजेच्या अर्जावर ते 'मुंबई' लिहायला विसरले नाहीत, पण तोंडी सांगताना म्हणाले, "दोन दिवस शेजारच्या टाइलमध्ये आहे."

मागच्या श्रावणात ऑफिसात सत्यनारायण होता. गुरुजींनी संकल्प सोडायला सुरुवात केली. खंड कुठला, देश कुठला, गोदावरीचा कुठला तीर, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार. नाना माझ्या कानाशी लागले. "ऐकतोयस ना? हा मेटाडेटा. कुठे आणि कधी ते आधी सांगायचं, प्रसाद मागाहून." पूजेला बसलेल्या साहेबांनी वळून बघितलं, म्हणून व्याख्यान तिथेच थांबलं. एरवी नानांनी 'स्टॅक'ही सांगितलं असतं. स्टॅक म्हणजे प्रत्येक सीनसोबत ठेवायची एका ठरलेल्या साच्यातली चिठ्ठी: सीननं जमिनीचा कुठला चौकोन व्यापलाय, कुठल्या क्षणी, ढग किती, फाइली कुठे ठेवल्यात. २०२१ साली तिची पहिली पक्की आवृत्ती आली. साचा एक असल्यामुळे अमेरिकेच्या कॅटलॉगला विचारलेला प्रश्न तसाच युरोपच्या कॅटलॉगलाही विचारता येतो.

चिठ्ठी न वाचणाऱ्यांवर नानांचा राग आहे. एकदा नवा मुलगा २००५ सालचा लँडसॅट-७ चा प्रिंट घेऊन आला. चित्रभर तिरक्या काळ्या रेघा. प्रिंटर बिघडला म्हणून तो तासभर टोनर हलवत बसला होता. "हा आमचा पट्टेवाला," नाना म्हणाले. "३१ मे २००३ ला त्याचा एक भाग बिघडला. तेव्हापासून दर सीनमधला सुमारे बावीस टक्के भाग गायब. चिठ्ठीत सगळं लिहिलेलं असतं, पण वाचतो कोण?"

नानांच्या या वेडाला इतिहास आहे. २००८ पर्यंत लँडसॅट-७ च्या एका सीनला सहाशे डॉलर मोजावे लागत. विकत घेतलेली सीडी गोदरेजच्या कपाटात, किल्ली साहेबांच्या खिशात. मग अमेरिकेनं सगळा संग्रह फुकट खुला केला. कपाटं उघडली, सवय मात्र राहिली. अजूनही निम्मं ऑफिस कुजबुजत विचारतं, "तुझ्याकडे पुण्याची आहे का रे?"

लिंकांवर जगणाऱ्या माणसाला सुतकही लिंकांचंच येतं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेंटिनेलचं जुनं वितरण केंद्र बंद होऊन सगळा कारभार नव्या केंद्रावर गेला. नाना तीन दिवस डबा न उघडता जुन्या चिठ्ठ्या दुरुस्त करत होते. मी खोचकपणे म्हणालो, "नाना, पत्ता बदलला की हो!" ते म्हणाले, "बिऱ्हाड हललं. सीनचं नाव तेच आहे. नाव ठाऊक असलं की माणूस सापडतो."

हे मला पटलं ते स्वतःची फजिती झाल्यावर. पुण्याभोवतीच्या हिवाळ्यातल्या हिरवाईचा एक नकाशा मी केला होता. फाइलचं नाव 'पुणे_फायनल_नवीन_२'. दोन वर्षांनी विचारणा आली: हा कुठल्या तारखेचा? मला आठवेना. अहवालात तर मी सिंहगडाजवळ एक 'नापीक पट्टा'ही नोंदवून ठेवला होता. पेन ड्राइव्ह घेऊन, मान खाली घालून नानांकडे गेलो.

या वेळी त्यांनी तो घेतला. नकाशा पडद्यावर लावला, खडकवासल्याच्या पाण्याची कड बोटानं चाचपली, कॅटलॉगमधून त्या हिवाळ्यातले सगळे सीन काढले आणि पाणी जुळेल तेवढे ठेवले. तीन उरले. मग एकेक मोठा करत सिंहगडाशी आले आणि थांबले.

"हा तुझा नापीक पट्टा. हा ढग आहे."

मी गप्प.

"आणि हा ढग इथे एकाच दिवशी होता. ही घे तुझी तारीख."

मग शेजारी खुर्ची ओढून त्यांनी माझ्याकडून माझ्याच नकाशाची चिठ्ठी भरून घेतली. मूळ सीन, तारीख, काय केलं, कुठे चुकलं, सगळं. ढगही लिहायला लावला. नकाशा ऑफिसच्या कॅटलॉगमध्ये गेला. काही महिन्यांनी एका अनोळखी विद्यार्थ्याचा प्रबंध हाती आला. त्यात माझा नकाशा, ढग वगळून, नीट वापरलेला. त्यानं मला काहीही विचारलं नव्हतं. नानांना दाखवलं, तर म्हणाले, "मग? घेणाऱ्याला देणाऱ्याची दाढी धरावी लागली, तर ते वाटणं कसलं?"

तेव्हा पुण्याची इमेज हवी असेल तर नानांकडे जरूर जा. पेन ड्राइव्ह घरी ठेवा आणि तारीख ठरवून जा.