मी कोण?

चोवीस वर्षं रोज सकाळी सात वाजता मी माझ्याच बागेत जाण्यासाठी शेजाऱ्यांच्या दाराची कडी वाजवत आलो. आतून आजी विचारायच्या, "कोण?" मी म्हणायचो, "मी." त्यावर लगेच, "मी कोण?" हा प्रश्न उपनिषदातल्या ऋषींनाही पडला होता; पण त्यांच्या हातात पाण्याची झारी नव्हती आणि त्यांना दहाच्या आत बँकेत पोचायचं नव्हतं. "शेजारचा हो, आजी." मग दार फटीएवढं उघडायचं आणि फटीतून एक तुटक्या लाटण्याची मूठ बाहेर यायची. तिला सुतळीनं किल्ली बांधलेली. किल्ली हरवू नये म्हणून लाटणं. लाटणं हरवू नये म्हणून काय, हे मी कधी विचारलं नाही.

सांगलीच्या गावभागात वाडे कसे वाटले गेले, हे गावभागातल्यांना सांगायला नको. आमच्या वाड्याचे दोन भाग झाले, तेव्हा परसाचेही दोन झाले. फक्त परसाकडं जाणारा बोळ एकच होता आणि तो बोलूनचालून शेजाऱ्यांच्या वाट्याला गेला. त्याच्या तोंडाशी दार, दाराला कुलूप. चोरांची भीती म्हणून. आत चोरण्यासारखं जे काही आहे ते माझंच आहे. एक्केचाळीस झाडं! अळूचं प्रत्येक पान वेगळं धरलं नाही तर तेहेतीस.

आजींचे चिरंजीव या झाडांना 'ती दोन रोपं' म्हणतात. इथं माझं त्यांचं बिनसलं. बोळात ते मोटारसायकल धुतात आणि फेसाचं पाणी थेट माझ्या अबोलीच्या पायाशी सोडतात, हेही मी पोटात घातलं असतं. मी कुणाला टाकून बोलत नाही. सौजन्य हा माझा दागिना, आणि तो मी दागिन्यासारखाच वापरतो, म्हणजे चार लोक बघत असतील तेव्हा. बँकेत तीस वर्षं थकबाकीदारांना पत्रं मीच लिहायचो. 'आपणांस सविनय स्मरण करून देण्यात येते की' या सुरुवातीवर साहेब खूश असत. वसुली झाली नाही ती गोष्ट वेगळी. एकदा एका थकबाकीदारानं माझं पत्र घरी आल्या-गेल्याला वाचून दाखवल्याचं कानावर आलं. मी त्याचा अर्थ चांगलाच घेतला.

तसंच एक पत्र मी शेजाऱ्यांनाही लिहिलं. विषय, संदर्भ, मजकूर, सगळं जागच्या जागी. त्यांनी ते दारातच उघडलं आणि उभ्याउभ्या वाचलं. म्हणाले, "तुमच्या घरात बोलायची बंदी आहे का?"

तेव्हा मात्र मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. पेटीत आजोबांचं खरेदीखत आहे, 1958 सालचं. संस्थान विलीन होऊन दहा वर्षं झाली होती, पण खत लिहिणाऱ्या कारकुनाला ती बातमी पोचलेली दिसत नाही. त्यानं आजोबांना निम्मं परस असं लिहून दिलंय, जणू परगणा इनाम देतोय. 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह'. काय ते शब्द! मी ते मोठ्यानं वाचले. मग बायकोला बोलावून वाचले. ती म्हणाली, "कुकर लावलाय." मी पुन्हा वाचले.

इथं जरा थांबतो, कारण या सात शब्दांवर माझा जीव जडलाय. जल म्हणजे आमचा आड. आत शेवाळ आहे आणि कुठल्याशा उन्हाळ्याच्या सुट्टीतला एक रबरी चेंडू. तरू म्हणजे लिंबू. तृणाबद्दल काय बोलावं! सातांतलं एवढं एकच मला खतात लिहिल्यापेक्षा जास्त मिळालं. पाषाण म्हणजे धुण्याचा दगड. काष्ठ म्हणजे शेजाऱ्यांनी माझ्या हद्दीत उभी करून ठेवलेली मोडकी खाट. निधी म्हणजे पुरलेलं धन. त्या आशेवर मी सोनचाफ्याचा खड्डा लागतो त्याच्या दुप्पट खणला होता. नंतर कळलं की गुप्तधनाचा 1878 सालचा कायदा आहे आणि दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मला एक बाटलीचं बूच सापडलं. ते मी कळवलं नाही.

राहिला निक्षेप. कोशात बघितलं. निक्षेप म्हणजे ठेव. ही ठेव कुणाची आणि कुठून आली, याची खत चौकशी करत नाही. शेजाऱ्यांचा गंजलेला कूलर, दोन टायर आणि तळ गेलेली घागर माझ्या निम्म्या परसात गेली सहा वर्षं ठेवलेली आहे. म्हणजे मी ज्याला अतिक्रमण समजून रात्र रात्र जागलो, तो कारकुनानं मला आधीच लिहून दिलेला निक्षेप होता. टायरांवर माझा हक्क शाबीत झाल्याच्या आनंदात मी दोन दिवस होतो.

तिसऱ्या दिवशी खत घेऊन एका वर्गमित्राकडं गेलो. तो वकील आहे. त्यानं चष्मा वर करून ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "परसात काय काय तुझं, ते सगळं आहे यात. परसात जायचं कुठून, ते कुठं आहे?"

नव्हतं. जमिनीखालच्या धनापर्यंत सगळं आठवलेल्या त्या कारकुनाला वाट आठवली नव्हती.

"हरकत नाही," वकील म्हणाला, "वहिवाट आहे." आणि त्यानं 1882 चा कायदा काढला. दुसऱ्याच्या जागेतून वीस वर्षं उघडपणे, शांततेनं, अखंड आणि हक्क म्हणून जा-ये केली, तर ती वाट कायदा तुम्हाला देतो. माझी तर चोवीस झाली होती. उघडपणे? सकाळी सातला, हातात झारी घेऊन. शांततेनं? माझ्यासारखा शांत माणूस गावभागात दाखवा. अखंड? 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं आणि आम्ही पाहुण्यांकडं मुक्कामाला गेलो, तेवढे दिवस सोडून. (तेव्हा कृष्णामाई परसात शिरली. किल्ली न मागता आत गेलेली तेवढी एकच.)

"आणि आत जायचास कसा?" वकिलानं विचारलं.

मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. कडी वाजवतो. नाव सांगतो. आजींना किल्ली मागतो. काम झालं की परत देतो, आणि 'येतो हं' म्हणतो. एक दिवस खाडा नाही.

त्यानं कायद्याचं पुस्तक मिटलं. "मग संपलं. हक्कानं जाणारा विचारत नाही. तू चोवीस वर्षं रोज परवानगी मागितलीस."

म्हणजे दार ढकलून, खाकरून, 'बाजूला व्हा' म्हणत गेलो असतो, तर आज ती वाट माझी होती. माझ्या सौजन्याची ही किंमत! मी शेवटचा आधार म्हणून विचारलं, "पण दुसरी वाटच नाही ना मला. गरज म्हणून काही?" तो म्हणाला, "स्वयंपाकघराची भिंत फोडून दार काढता येतं की. मग गरज कसली? सोय म्हण."

हे बायको सतरा वर्षं सांगत होती. दोन दिवस गवंडी, एक चौकट, झालं. मी भिंत मातीची आहे, देवघर हलवावं लागेल, असली कारणं देत आलो. खरं कारण वकिलाकडून परत येताना कळलं, ते मी घरी सांगितलेलं नाही. दार काढलं असतं तर माझ्यावर अन्याय झालाय, हे कुणाला सांगायची सोय उरली नसती.

मार्गशीर्षात आजी गेल्या. झोपेतच. तेरा दिवस मी पाणी घातलं नाही. सुतकाच्या घराची कडी झारी घेऊन कशी वाजवायची? स्वयंपाकघराच्या खिडकीतून अबोली माना टाकताना दिसायची आणि मी खिडकी लावून घ्यायचो. चौदाव्या दिवशी सातला गेलो. कडीवर हात ठेवला आणि वाजवलीच गेली नाही. आत 'कोण?' म्हणणारं कुणी नव्हतं. चोवीस वर्षं तीच वेळ, तोच हात, त्याच दोन टकटका. माझ्याशिवाय दुसरं कोण असणार होतं? आजींना ते पहिल्या आठवड्यातच कळलं असणार. तरी त्या रोज विचारत राहिल्या आणि मी रोज, मनात करवादत, सांगत राहिलो.

दार चिरंजीवांनीच उघडलं. अंगात बनियन, डोळे सुजलेले. हातात लाटण्याची मूठ.

"ही ठेवा तुमच्याकडंच," ते म्हणाले. "उगं सकाळी सकाळी कडी वाजवून झोपमोड करू नका." जाता जाता वळून म्हणाले, "रविवारी तुम्हाला उशीर झाला की आई आम्हाला बोलायची. आला नाही अजून, बघून या म्हणायची."

आता किल्ली माझ्या खिडकीत खिळ्याला असते. वकिलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "त्यानं दिली ना? मग ही पण परवानगीच. हक्क नव्हे." कूलर जागच्या जागी आहे. फेस येतोच.

काल सकाळी झारी भरून गेलो. कुलूप काढलं, किल्ली खिशात टाकली आणि सवयीनं उघड्या दाराची कडी दोनदा वाजवली. आतून ओरडणं आलं, "किल्ली दिलीय की तुम्हाला!"

"मी हो," मी म्हणालो, "शेजारचा."