हजेरीवाल्या मॅडम

प्रत्येक जिल्ह्याच्या गावी एक तरी बाई अशी असते, जिला कुठलीच गोष्ट एकटीने करवत नाही. देवाला निघाली तर टेम्पो भरून निघते, पापड लाटायचे म्हटले तर गल्ली गोळा करते. परभणीत अशा बाईच्या हाती सायकल लागली की महिलांची रविवारची सायकल फेरी सुरू होते. तिचं नाव काहीही असो, सगळ्या तिला मॅडम म्हणतात. बहुधा ती निवृत्त शिक्षिका असते. नसली, तरी पर्समधून वही काढून हजेरी घेण्याची ढब पाहून कोणी तसं विचारायला धजत नाही.

मॅडम स्वतः सायकल फार चांगली चालवतात असा गैरसमज नसावा. चढायला त्यांना ओटा लागतो आणि उतरायला मैलाचा दगड. मधल्या वेळात मात्र त्यांना कोणी थांबवू शकत नाही, ब्रेकसुद्धा. पण मॅडमचं खरं कसब चालवण्यात नाही, जमवण्यात आहे. त्यांचा सिद्धांत साधा आहे : एकटी बाई सायकलवर दिसली की लोक वळून बघतात, बारा दिसल्या की लोक बाजूला होतात. म्हणून मॅडमना आधी बारा लागतात, सायकल नंतर.

सायकली तशा गावात कमी नाहीत, त्या फक्त रस्त्यावर नसतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जायला सायकली मिळाल्या. मुलगी बारावी झाली, पुढे शिकायला पुण्याला गेली किंवा सासरी गेली, आणि सायकल जिन्याखाली राहिली. तिच्या हँडलला आता कांद्याची पिशवी लटकते, कॅरिअरवर गोधडी वाळते. मॅडम हळदीकुंकवाला गेल्या तरी वाण घ्यायच्या आधी जिन्याखाली डोकावतात. "वहिनी, ही कोणाची?" "लेकीची हो. पडून आहे." "पडून का? तुम्ही आहात की." पोरीच्या शिक्षणासाठी आलेली सायकल अशी तिच्या आईच्या शिक्षणाला लागते. चैन गंजलेली, ब्रेकचे गुटके झिजलेले, टायर बसलेले. दुकानदार मान हलवतो. मॅडम गावाची जुनी म्हण त्याच्या अंगावर टाकतात, "बनी तो बनी, नहीं तो परभणी! बनवा तुम्ही."

मग सबबींचा खटला उभा राहतो. "आता या वयात जमतंय का बाई?" या प्रश्नावर मॅडमकडे पुण्याच्या प्रीती मस्के आहेत. दोन मुलांची आई, २०२२ साली लेह ते मनाली हे ४३० किलोमीटर ५५ तास १३ मिनिटांत सायकलने पार केलं, गिनीजमध्ये नोंद झाली. एवढं ऐकून समोरची बाई पार गळाठते. तेव्हा मॅडम घाईने म्हणतात, "आपल्याला फक्त कृषी विद्यापीठाच्या गेटपर्यंत जायचंय."

"घरात सायकल आहे, पण ती दांड्याची" ही दुसरी सबब. यावर मॅडम थेट तमिळनाडूत शिरतात. तिथल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता चळवळीने बायकांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली. शीला राणी चुंकथ या तेव्हाच्या कलेक्टर. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी दांड्याच्या घेतल्या आणि वर फायदा शोधला, की दांड्यावर लेकरू बसतं. पी. साईनाथ यांनी हे सगळं लिहून ठेवलंय, एक लाखाच्या वर बायका शिकल्या म्हणून. "एक लाख!" मॅडम बोट नाचवतात. "मी बाराच मागायलेय."

तिसरी सबब खरी असते : "मला येतच नाही." आज पन्नाशीत असलेल्या बाईला सायकलीतलं सगळं कळतं, फक्त बसता येत नाही. भाऊ तासाच्या भाड्याने सायकल आणायचा, कैची मारायचा, आणि ही मागून कॅरिअर धरून पळायची. तास संपला की सायकल परत. चाळीस वर्षांनी मॅडम तिला सीटवर बसवतात आणि कॅरिअर स्वतः धरतात. पहिल्यांदा जी पडेल तिचा चहा मॅडमकडून, असा नियम आहे. त्यामुळे पडण्याला लाज उरत नाही. उलट एकदोघी दुसऱ्यांदाही पडून बघतात.

शनिवारी रात्री ग्रुपवर फर्मान सुटतं : "उद्या ५.३० ला स्टेडियम." पहाटे पावणेपाचला "उठलात का?" आणि पाचला फोन. बायकांच्या आधी नवरे जागे होतात आणि महिलांच्या आरोग्याविषयी त्यांचं मत वाईट होतं. परभणीत वेळ चुकवून चालत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो, आठ वाजता डांबर तापायला लागतं. थंडीत याच गावात असा गारठा पडतो की कानाला मफलर, वर स्वेटर, त्यावर ओढणी आणि त्या सगळ्यावर हेल्मेट. आतली बाई कोण, हे हजेरी घेतल्यावरच कळतं.

फेरीत सगळ्यांत हळू चालवणारी पुढे. सुसाट सुटणाऱ्या सूनबाईंना मागे, सासूच्या वयाच्या काकूंच्या चाकामागे ठेवतात. त्या कुरकुरतात, पण कोणी एकटी मागे पडत नाही. विद्यापीठातली झाडं, ज्वारीचे प्लॉट मागे पडतात. याच विद्यापीठाने लोह आणि जस्त जास्त असलेलं ज्वारीचं वाण आणलं, 'परभणी शक्ती' नावाचं. मॅडम दर रविवारी ते सांगतात आणि नावाचं श्रेय स्वतःकडे घेतात. बाभळीचा काटा टायरमध्ये घुसला की अख्खी फेरी उभी राहते, बाराजणी बारा सल्ले देतात आणि पंप मारायला मात्र मॅडमच.

काही नवरे "काळजी" म्हणून स्कूटीवर मागे येतात. "हँडल सरळ! समोर बघ!" असा वर्ग चालू राहतो. मॅडम त्यांना हाकलत नाहीत. त्यांच्या पायाशी पाण्याचा जार ठेवतात, हँडलला केळ्यांची पिशवी अडकवतात आणि पुढच्या चौकात थांबायला सांगतात. दोन रविवारांत बायको वाचते आणि काळजीही मिटते.

एवढं सगळं सुरळीत चालू असताना मॅडमच्या वहीला गळती लागते. आधी वसमत रोडच्या वहिनी येईनाशा होतात, मग बँकेतल्या ताई. मॅडम अस्वस्थ होतात, घरी निरोप धाडतात. आणि एका मंगळवारी गुजरीत त्यांना वहिनी दिसतात, सायकलवर, एकट्या. बास्केटमध्ये फ्लॉवर, हँडलला मेथी. वळून कोणीच बघत नाही. भाजीवालासुद्धा फक्त सुट्टे मागतो.

"रविवारी का येईना झालात?" मॅडम भर बाजारात जाब विचारतात.

"रोजच चालवते की मॅडम आता. बाजाराला, दळणाला, सगळीकडं. मग रविवारी जरा झोपते."

मॅडमच्या आयुष्यभराच्या उद्योगाला यापेक्षा मोठं यश कुठलं? पण त्या वही उघडतात, पेनचं टोपण काढतात आणि म्हणतात, "ते असू द्या. मागच्या तीन रविवारची गैरहजेरी लागली आहे. अर्ज आणा."